तळव्याला कळतं ते

रोज दिवेलागणीला आमच्या घरात पाय बघण्याचा कार्यक्रम असतो. पाय आमच्या यांचे, बघणारी मी. हे बाल्कनीत खुर्चीवर बसतात, मी समोर पाटावर. टबात पाणी असतं. ते कोमट आहे की कडकडीत, हे माझ्या कोपराने ठरवायचं, कारण यांच्या पायांना आता ते कळत नाही. घोडबंदर रोडवरच्या गाड्यांचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत चढता चढता मऊ होतो, डोळे मिटले तर दूर कुठे पाणी वाहतंय असं वाटतं. समोर येऊरचे डोंगर आधी निळे होतात, मग करडे, मग नसतातच. मी पाय धुते, बोटांच्या बेचक्यांतून मऊ फडका फिरवते आणि तळव्यापुढे छोटा आरसा धरून बघते. कुठे चीर आहे का, कुठे लाल झालंय का. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचे तळवे मी कधी नीट पाहिले नव्हते. आता मला माझ्या तोंडापेक्षा ते जास्त पाठ आहेत.

हे सगळं सुरू झालं देवीच्या नवसातून. देवीला मी बोल लावत नाही. बोल लावायचा तर यांच्या हट्टाला लावते.

हे लहान असताना टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. तेव्हा सासूबाईंनी टेंभी नाक्याच्या देवीला नवस बोलला की पोरगा पायावर उभा राहू दे, जन्मभर नवरात्रात अनवाणी चालेल. पोरगा उभा राहिला. सासूबाई गेल्या, आम्ही नाक्याजवळच्या दोन खोल्या सोडून इकडे टॉवरमध्ये राहायला आलो, पण नवस सुटला नाही. घटस्थापनेला चपला माळ्यावर जायच्या, दसऱ्याला खाली उतरायच्या. इस्त्रीच्या पँटखाली उघडे पाय घेऊन हे ऑफिसलाही जायचे, आणि संध्याकाळी बसने नाक्यावर दर्शनाला. ऑक्टोबरमधला डांबरी रस्ता म्हणजे तापलेला तवा. घरात शिरताना हे टाचांवर चालत यायचे, "आई गं, आई गं" करत. मी हसायचे. "दुखलं नाही तर नवस कसला?" असं वर मलाच ऐकवायचे.

साखरेचा आजार यांना बऱ्याच वर्षांपासून. गोळी आठवली तर घ्यायची आणि श्रीखंड मात्र न चुकता आठवायचं, असा कारभार. पायांची काळजी घ्या असं डॉक्टर म्हणाले की हे म्हणायचे, "पायांना काय धाड भरलीय?"

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात एका संध्याकाळी हे घरी आले ते सरळ, ताठ पावलं टाकत. मी पाण्याचा टब घेऊन उभी, तर टबाकडे बघेनात.

"अगं, यंदा काहीच टोचत नाही," म्हणाले. "गादीवरून चालल्यासारखं वाटतं. आईचं गाऱ्हाणं पोचलं बघ. इतक्या वर्षांनी देवीने पाय हातात घेतले."

त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी कोण वाद घालणार? मलाही ते खरंच वाटलं. सोसायटीत बातमी पसरली. खालच्या मजल्यावरची बाई तर मुलीला घेऊन यांच्या पाया पडून गेली. अष्टमीला मीही बरोबर गेले. नाक्यावर माणसांचा पूर होता. कुणाच्या ओटीतल्या बांगड्या पडत होत्या, फुटत होत्या, झेंडू पायाखाली चिरडला जात होता. त्या दिव्यांच्या उजेडात हे माझ्यापुढे चालले होते, अलगद, जमिनीला जेमतेम टेकत. मला वाटलं, हा माणूस आता थोडा वर उचलला जाईल. ते चालणं अजून मला स्वप्नात दिसतं, आणि दर वेळी मी मागून हाक मारते, पण आवाज फुटत नाही.

दसऱ्याच्या सकाळी पांढऱ्या लाद्यांवर लाल ठिपके दिसले. कुंकू सांडलं असेल म्हणून पुसले. आंघोळ करून येते तो पुन्हा ठिपके. देवघरापासून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीत. मी त्या ठिपक्यांमागे चालत गेले. हे एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकून पेपर वाचत होते. तळवा माझ्या बाजूला होता. अंगठ्याखाली मांस काळंनिळं झालं होतं आणि त्यात हिरव्या बांगडीची काच रुतली होती. किती दिवस त्यावरून चालले होते, देवी जाणे.

"अहो, पाय बघा!" मी किंचाळले.

"काय झालं?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

डॉक्टरांनी काच काढली, जखम धुतली, तेव्हाही हे निवांत. मग डॉक्टरांनी एक जाडसर नायलॉनचा दोरा घेतला. म्हणाले, "काका, डोळे मिटा. दोरा लागला की हो म्हणायचं." दोरा टाचेला टेकला आणि वाकला. मग तळव्याच्या मध्यावर. मग बोटांना, एकेका बोटाला. मी उभी राहून बघत होते. हे डोळे मिटून, मान किंचित कलती करून वाट बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "डॉक्टर, सुरुवात केली नाही का अजून?"

डॉक्टर हळूच म्हणाले की साखरेने पायांच्या नसा मेल्यात, त्या आता परत येणार नाहीत. अंगठा वाचेल की कापावा लागेल, हेही इतक्यात सांगता येत नाही. विष वर चढलं तर पायावरही बेतेल. रिक्षात मी बाहेर तोंड करून बसले. मला राग आला होता, यांचा, त्या पाया पडणाऱ्या बाईचा, आणि हो, देवीचासुद्धा. दुखणं म्हणजे ओसरीवर बसलेलं म्हातारं माणूस. येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसतं म्हणून आपण वैतागतो, पण त्याच्यामुळेच घरात चोर शिरत नाही. आमच्या घरातलं ते म्हातारं कधी गेलं ते आम्हाला कळलंच नाही, आणि आम्ही तो उत्सव म्हणून साजरा केला.

त्यानंतरचे दिवस एकमेकांत विरघळलेले आहेत. पाय उशीवर, खिडकीत पडदा हलतोय, हे अर्धवट झोपेत. पायावर भार टाकायचा नाही, गोळ्या, इन्सुलिन, दिवसाआड ड्रेसिंग. पट्टी सोडली की मी आधी जखम बघायचे. आधी नुसता खड्डा. मग तळाशी ओला लालसर रंग, डॉक्टर म्हणाले हे चांगलं आहे. मग एके दिवशी कडेने पातळ गुलाबी कातडी आत सरकलेली दिसली, दुधावर कडेकडेने साय धरते तशी. कुणी सांगितलेलं नसताना, आम्ही टीव्ही बघत असताना, भांडत असताना, झोपलेलो असताना, शरीर आपलं काम करत होतं. त्याला आमच्याकडून फार थोडं हवं होतं. स्वच्छता, विसावा आणि कुणाचं तरी लक्ष. खड्डा भरला. अंगठा राहिला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले.

पुढचं नवरात्र आलं आणि यांचं तोंड उतरलं. अनवाणी एक पाऊलही नाही, घरातसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आईला काय सांगू?" एवढंच म्हणायचे. दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"तुमच्या पुण्यातलं अर्धं मला मिळतं ना? मग पायही अर्धे माझेच," म्हटलं. "तुम्ही चपला घाला. अनवाणी मी चालते."

आम्ही बसमधून उतरलो. यांच्या पायात डॉक्टरांनी घालायला सांगितलेल्या जाड, मऊ, पट्ट्यांच्या चपला, माझे पाय उघडे. सवय नसलेले माझे तळवे पहिल्याच मिनिटाला बोंबलायला लागले.

"तापलाय का गं रस्ता?" यांनी विचारलं.

"भाजतंय नुसतं."

"आणि इथे?"

"इथे खडी आहे. अहो, बघू तरी द्या!" एवढं म्हणते तो टोकदार खडा लागला आणि मी भर गर्दीत "आई गं!" केलं.

हे थांबले. "दुखलं? कसं दुखतं, सांग ना."

दुखतं म्हणजे दुखतं, त्यात काय सांगायचं, असं तोंडावर आलं होतं. पण मी त्यांच्याकडे बघितलं. गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता. मग सांगितलं. आधी टोचतं, मग तिथून एक कळ घोट्यापर्यंत जाते, मग पाय आपोआप उचलला जातो, आपण ठरवायच्या आधीच. मंडपापर्यंत मी सगळा रस्ता त्यांना सांगत गेले.

घरी आल्यावर हे म्हणाले, आज तू खुर्चीवर बस. टब भरला, पाणी मात्र मलाच बघायला लावलं. माझे पाय धुतले, पुसले, आरसा धरून बघितले. मी लाजून पाय ओढत होते. मग त्यांनी देवघरातल्या वातींचा एक धागा काढला, पीळ देऊन ताठ केला.

"डोळे मीट. लागला की सांग."

टाचेला काहीतरी टेकलं. "हो," मी म्हणाले. मध्यावर. "हो." बोटांना, एकेका बोटाला. हो, हो, हो. मग धागा अंगठ्याखाली आला, नेमका तिथे, जिथे त्यांना काच कळली नव्हती.

"हो."

नंतर बराच वेळ काहीच लागलं नाही. मी डोळे उघडले. हे माझा पाय दोन्ही हातांत धरून तसेच बसले होते.

"पुन्हा सांग," म्हणाले.