बाहेरचं औषध

माझी सासू चांगुणाबाई काडेपेटीवरचं लिहिलेलं ऐकल्याशिवाय चूल पेटवायची न्हाई. ऐकल्याशिवाय म्हणते, कारण तिला अक्षर येत नव्हतं. मी उदगीरकडची, सातवी पास, तीही मराठी शाळेत. लग्न होऊन बीदरात मैलूरला आले तेव्हा वाटलं, शिकलेली सून म्हणून कौतुक होईल. कौतुक कसलं डोंबलाचं! मला घरात वाचायच्या कामावर ठेवलं होतं.

"इंदरे, ह्याच्यावर काय लिवलंय?" दिवसातनं दहादा. साबणाचा कागद, चहाची पुडी, डालड्याचा डबा. काडेपेटी आणली तर वरचं हिंदी वाचून मी म्हणलं, "आत्या, सेफ्टी लिहिलंय. म्हणजे धोका न्हाई."

तिनं काडेपेटी उलटसुलट करून बघितली. "जाळायची वस्तू, आन वर धोका न्हाई म्हणून लिवायलेत? धोका न्हाई तर सांगायलेत कामून? मी तुला कवा सांगितलं का गं, ह्या भाकरीत इख न्हाई म्हणून?"

काडी ओढून मीच चूल पेटवली.

डांबरगोळ्या आणल्या. पाकिटावर, ही खायची वस्तू न्हाई, असं लिहिलेलं. ते ऐकून तिनं पाकीट खालीच ठेवलं. "म्हणजे कुणीतरी खाल्लंय. कुणी खाल्ल्याबिगर कंपनी उगं शाई कशाला नासंल? कुणी खाल्लं ते लिवलंय का बघ." न्हाई लिहिलेलं, म्हणलं. "मग लपवायलेत," ती म्हणाली, आणि तो विषय संपला. गोळ्या उकिरड्यावर गेल्या.

एका डब्यावर होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवावं. आमच्या पत्र्याच्या घरात कोरडी जागा म्हणजे भट्टी आणि थंड जागा म्हणजे पाण्याचा रांजण. डबा हातात घेऊन ती घरभर फिरली. "थंड बी आन कोरडी बी? असली जागा कंपनीवाल्यानं मला दाखवावी. डबा ऱ्हाऊ दे, मीच तिथं जाऊन ऱ्हाते." आणि एका बाटलीवर सील तुटलेलं असल्यास घेऊ नये, हे वाचल्यावर तर तिनं कहर केला. घरी आणून बाटली उघडली, उघडताना सील तुटलं, तर तुटलं म्हणून बाटली तशीच गुंडप्पाच्या दुकानात परत नेली. गुंडप्पानं कपाळावर हात मारला. "अक्का, उघडल्यावर तुटणारच की!" तर म्हणाली, "मग तसं लिवा की."

तिचा संशय कागदापुरता नव्हता. दूधवाल्याच्या हंड्यात बोट बुडवून ती बोटाकडं बघायची. पाहुणा आला तर कशाला आला आणि गेला तर इतक्या लवकर कामून गेला. पण एक सांगते. त्या घरात आले त्या दिवसापासून माझ्या हातचं ताट तिनं कधी हुंगून बघितलं न्हाई. मी वाढायची, ती जेवायची. सगळ्या मैलूरवर संशय, पण माझ्या भाकरीवर न्हाई. ह्या एका गोष्टीची मला फार घमेंड होती. तिची बाकी सगळी कटकट मी त्याच्यावरच सोसायची.

शहात्तर सालच्या थंडीत तिचे गुडघे धरले. उठता येईना, बसता येईना. माझ्या भावानं उदगीरहून एक बाटली आणून दिली, हैद्राबादकडच्या कुठल्यातरी कंपनीची. गुडघ्यावर चांगली हाय म्हणाला आणि एस्टी पकडून गेला. मी पाट मांडला, आत्यानं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, आणि बाटली उघडायच्या आधी रोजचा प्रश्न आला. काय लिवलंय?

बाटलीवर इंग्रजी होतं, कानडी होतं आणि खाली बारीक हिंदी. मला देवनागरीच येते, म्हणून हिंदी वाचलं. केवल बाहरी प्रयोग के लिए. वर शहाणपणानं मराठीही करून सांगितलं. "फक्त बाहेरच्या प्रयोगासाठी, आत्या."

तिनं पाय ओढून घेतला.

आता आमच्यात बाहेरचं म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणाला बाहेरचं झालंय म्हणजे भुताखेताचं, लागिराचं. आणि प्रयोग म्हणजे लिंबू, टाचण्या, काळी बाहुली. दोन्ही शब्द एका ओळीत, तेही छापलेले! मला स्वतःला काय कळलं होतं? काहीच न्हाई. मला वाटलं, घराच्या बाहेर बसून लावायचं असेल. मी म्हणलं, "ओट्यावर बसून लावू का मग?"

"तुझ्या भावानं दिली न्हवं ही बाटली?" ती म्हणाली. "निवडून हीच कामून दिली?"

मी म्हणलं, "आत्या, आपण बौद्ध झालो ना? करणी-भानामती आपण मानत न्हाई."

"मी कुठं मानते? छप्पन्न सालापास्नं मानत न्हाई," ती म्हणाली. "पण कंपनी मानती ना!"

पडताळा घेतल्याशिवाय ती कुणालाच शिक्षा करायची न्हाई, एवढी न्यायाची होती. बाटली पदराखाली घेऊन लंगडत शेजारच्या शिवम्माकडं गेली. मी मागं. शिवम्मानं कानडी ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. "होरगिन उपयोगक्के मात्र."

"मंत्र?" सासू किंचाळली.

"मंत्र न्हाई अक्का, मात्र. मात्र म्हणजे तेवढंच, बास."

"आन होरगिन म्हणजे?"

"होरगिन म्हणजे भायेरचं."

तिथनं गुंडप्पाच्या दुकानी. त्याला इंग्रजी यायचं, निदान तो तसं सांगायचा. दुकानात ही गर्दी. त्यानं बाटली उजेडात धरली, घाईघाईत बघितली आणि परत दिली. "भायेरचंच लिहिलंय अक्का." पुढं काही सांगेल म्हणून मी थांबले, तर तो गिऱ्हाइकाला डाळ तोलायला वळला.

झालं! तीन भाषा, तीन साक्षीदार, आणि तिघांचं एकच उत्तर. एकानं खोटं सांगितलं असतं तर मी सुटले असते. त्या दिवशी सगळ्यांनी खरंच सांगितलं, म्हणून मी अडकले.

संध्याकाळी मी ताट वाढलं. आत्यानं ते उचललं, माझ्याकडं बघितलं आणि माझ्यासमोर सरकवून ठेवलं. मागच्या अंगणात तीन विटा मांडून तिनं आपली भाकरी आपण थापली. दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवं बसताना कण्हत होती, पण मला हाक मारली न्हाई. मी घरात रडत बसले. रडण्यापेक्षा राग जास्त आला होता, खरं सांगते.

आमचे हे, भीमराज, तेव्हा औरादकडं चिंताकीच्या सडकेच्या कामावर मुकादम होते. आठवड्यानं घरी यायचे. ते सात दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. मी रांजणाला हात लावला की ती पाणी ओतून नवं भरायची. मी पीठ मळताना दारात उभी राहून बघायची. मी केर काढला की केरात काय निघालं ते काठीनं उलथून बघायची. नळावर बायका विचारायला लागल्या, "इंदिरा, सासू येगळी शिजवायलीय म्हणं?" मान वर करायची सोय राहिली न्हाई. रात्रीचं राहू द्या, दिवसाढवळ्या मलाच माझ्या हाताची भीती वाटायला लागली. सातव्या दिवशी मी पेटी भरली. नवरा आला की सांगायचं, मला उदगीरच्या गाडीत बसवा, बास झालं.

हे आले, पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती, आणि मी सुरू झाले. आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "भीमा, तिला इचार, ती बाटली कामून आणली."

त्यावर माझं डोकं फिरलं. जे बोलू नये ते बोलले. "दुबलगुंडीत लोकांनी तुम्हाला काय म्हणलं होतं, इसरलात का? तेच तुम्ही मला म्हणायलात?"

हे त्या घरात कुणी काढायचं नसायचं. माझे सासरे नागनाथ एकोणसाठ साली दुबलगुंडीत गेले, चार दिवसांच्या दुखण्यात. धडधाकट माणूस गेला म्हणून भावकीनं बोट सासूवर ठेवलं. बायकोनंच काहीतरी केलं म्हणाले. सात वर्षांचं पोर हाताला धरून ती बीदरला आली, दगड फोडले, पोराला शिकवलं. परत त्या गावाचं तोंड बघितलं न्हाई.

आत्यानं पदर कपाळावर ओढून घेतला. ते मला आणखी झोंबलं. कोनाड्यातली बाटली मी उचलली. "काय हाय ह्याच्यात? करणी हाय ना? मग माझ्यावरच होऊ द्या!" बूच काढलं आणि बाटली तोंडाला लावली.

ह्यांनी अशी झडप घातली की बाटली भिंतीवर जाऊन फुटली. माझ्या ओठाला जळजळ झाली, घरभर उग्र वास पसरला. "खुळी झालीस काय? मरायचंय का?" हे ओरडले. "बाहेरून लावायचं औषध हाय ते! पोटात गेलं तर माणूस मरतंय. बाहेरचं म्हणजे अंगाच्या बाहेरून, एवढंच लिहितात कंपन्या! त्यात कसली करणी?"

एवढंच होतं? सात दिवस मी एवढ्यासाठी मेले? मला हसूही आलं, लाजही वाटली, आणि बाटली तोंडापर्यंत गेली होती हे आठवून मी पदरानं ओठ खसाखसा पुसले.

आत्याला हसू आलं न्हाई. ती म्हणाली, "भीमा, परत सांग."

"काय?"

"भायेरचं म्हणजे काय?"

"अंगाला भायेरनं चोळायचं, माय. प्यायचं न्हाई."

"प्यायचं न्हाई?"

"न्हाई."

"कुठलंबी असलं औषध? जुन्या काळचं बी?"

"व्हय. कामून?"

ती बोलली ते एवढ्या हळू, की मी जवळ सरकले. "तुझ्या बाला ताप होता आन सांधे धरले होते. दवाखान्यातल्या कंपौंडरनं दोन बाटल्या दिल्या. एक दाखवून म्हणला, ये भायेर का है बाई, भायेर का, याद रखना. मी याद ठिवलं. मला वाटलं, त्यालाबी कळलं, ह्यांना भायेरचं झालंय म्हणून. आपण तर सगळं सोडलं होतं, देव बी नदीत सोडले होते, मग हे कुणाला सांगणार? मी गपचिप दिलं. मीच वाटीत वतून दिलं. दुसऱ्या बारीला ते नको म्हणायले होते, लई जळतंय म्हणत होते. मी म्हणलं, प्या, भायेरचं हाय, उतरंल."

ह्यांनी तोंड फिरवलं. मी आत्याचा हात धरला.

"सतरा वर्सं मी सांगत आले, मी काय केलं न्हाई," ती म्हणाली. "इंदरे, तू शिकलेली हाईस. लोक खरं बोलत होते का गं?"

मी म्हणलं, "न्हाई आत्या. तुम्ही औषध दिलं. कंपौंडरला नीट सांगायला काय झालं होतं?" खरं तेच होतं, अजूनही मी तेच म्हणते. पण ती ऐकत होती असं मला वाटलं न्हाई.

भरलेली पेटी मी त्याच दिवशी रिकामी केली. त्या दिवसापासून आत्या माझ्याच हातचं जेवायला लागली. काय वाढलं, कुठनं आणलं, एका अक्षरानं विचारलं न्हाई. दूधवाल्याच्या हंड्यात बोट घालायचंही सोडलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते मला नको झालं.

कारण तिचा संशय गेला नव्हता, त्यानं जागा बदलली होती. अंगणातल्या विटा तिनं काढल्या, आणि त्यानंतर चुलीजवळ बसली न्हाई. कुणाला वाढलं न्हाई. मला दिवस गेले, मुलगी झाली, तिला आत्यानं न्हाऊ घातलं, मांडीवर निजवलं, पण आपल्या हातानं दुधाचा एक चमचा पाजला न्हाई. मी रागावले, समजावलं, हातापाया पडले. ती नुसती मान हलवायची.

पोरगी तीन वर्षांची होती. वैशाखात मी मागं धुणं धुवत होते, तर घरातनं तिचं रडणं आणि आत्याच्या हाका. "इंदरे! अगं ये लवकर, पोरीला तहान लागलीय!" साबणाच्या हातानं धावले. बघते तर आत्या रांजणाला टेकून बसलेली, तांब्या तिच्या हाताशी, आणि पोरगी तिचा पदर ओढून पाणी पाणी करायलीय.

माझा तोल गेला. "आत्या, पाणीच हाय ना ते! साधं पाणी!"

"पाणी पाणीच हाय, इंदरे," ती म्हणाली. "हात माजा हाय न्हवं?"

मी तांब्या घेतला आणि पोरीला पाणी पाजलं.