शशिधररावांचं सोवळ्यातलं सोल्डर

ब्रिस्टलमध्ये विमानांचे पंख तपासण्याच्या नोकरीत शशिधर जोगळेकरांना फावला वेळ फारच मिळत असावा. नाहीतर सोल्डरची, म्हणजे विजेचे जोड द्यायला वितळवायची, तार निवडायला कोणी अख्खा उन्हाळा घालवत नाही. लोक घर घेताना इतका विचार करत नाहीत. तारेची जाडी किती, आतली राळ कुठली, कथील किती, शिसं किती, सगळं इंटरनेटवर वाचून झालं होतं. घरी येणाऱ्याला चहाबरोबर तेच मिळे, बिस्किटं मिळोत न मिळोत.

घाई होती ती गणपतीची. तिथल्या मराठी मंडळाचा गणपती यंदा त्यांच्याच घरी बसणार होता. गेल्या वर्षी त्यांनी घरी बनवलेल्या दिव्यांनी ऐन आरतीत मान टाकली होती. तेव्हापासून मंडळाचे सतीश बापट भेटले की हमखास विचारत, "काय इंजिनिअर, यंदा समया घासून ठेवू ना?" यंदाही दिवे विझले, तर हा प्रश्न जन्मभर पुरणार होता.

पण गप्प बसणं हा शशिधररावांचा विषय नव्हे. जुलैत युरोपात नवा नियम आला, की विकायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसं नको. घरच्या हौसेला तो लागू नव्हता. तरी त्यांनी जेवताना बायकोला शिशाचे दुष्परिणाम साग्रसंगीत ऐकवले. सुप्रभा मुलांची डॉक्टर. तिला ते त्यांच्याहून जास्त ठाऊक होते. ठाऊक नव्हतं ते इतकंच, की ज्या टेबलावर ती पोळ्या लाटते, तिथेच नवरा शिसं वितळवतो. बोलण्याच्या भरात तेही त्यांनी सांगून टाकलं.

"देवाच्या मखराला शिसं लागणार नाही," ती म्हणाली.

झालं. शशिधरराव बिनशिशाची तार घ्यायला निघाले. दुकानातल्या म्हाताऱ्या गोऱ्याने बजावलं, की ही उशिरा वितळते आणि जोड मंद दिसतो, तो तसाच असतो, त्याला छेडू नका. शशिधररावांनी मान डोलावली. पंख तपासणाऱ्या माणसाला दुकानदार काय शिकवणार!

जोड खरंच मंद दिसले. आणि शशिधररावांना पुण्याच्या कॉलेजात शिकवलेलं, की चमकतो तोच जोड खरा. त्यांनी प्रत्येक जोड पुन्हा तापवला. मग पुन्हा. चमक येईना, म्हणून आणखी एकदा. शेवटी तांब्याच्या पट्ट्याच दिव्यांच्या सर्किट बोर्डावरून पापडासारख्या उचलून आल्या. उद्या गणपती, आणि दिवे मेलेले.

मग शशिधररावांनी बागेतल्या शेडमध्ये कुंड्यांमागे दडवलेलं शिशाचं जुनं रीळ काढलं आणि कोऱ्या बोर्डावर सगळे जोड नव्याने दिले. पहिल्या फटक्यात चमकले. नंतर बोर्डाला वरून घट्ट झाकण लावलं. देवाला दिसतं, बायकोला दिसू नये एवढीच इच्छा.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या शेवटच्या ओळीपर्यंत मखर झगमगत राहिलं. बापटांनी स्वतःहून पाठ थोपटली आणि सोल्डर कुठलं, ते विचारलं. शशिधरराव छाती काढून म्हणाले, "अर्थात बिनशिशाचं. आमच्याकडे सोवळ्याबाहेर काही नाही."

आणि त्यांनी मोदकाला हात घातला.

"आधी साबणाने हात धू," पानं वाढता वाढता सुप्रभा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेडमधल्या कुंड्यांमागचं रीळ हाताळलंयस ना?"

बापट पुढच्या वर्षीसाठी ते वाक्य घोकू लागले.