नव्या खोलीतली म्हातारी

थेरगावात आमच्या गल्लीत कुणी नवी खोली चढवली, की भिमाबाईला हमखास बोलावणं जायचं. पूजेला नव्हे, झोपायला.

घरात फरशी बदला, रंग द्या, मोरीला नवा नळ बसवा, कुणी विचारत नाही. नवी भिंत, स्लॅब, वरचा मजला म्हटलं की महापालिकेची परवानगी लागते. ती काढायला आमच्या गल्लीतला एक माणूस गेला असेल तर शपथ. अर्ध्या गुंठ्यात घर, कागद कुठले दाखवणार? मग कचेरीला सुट्टी असताना स्लॅब ओतायचा, आणि टेकू निघाले की लगेच आत खाट टाकून भिमाबाईला निजवायचं. पाडायला पथक आलं की ती डोळे मिटून कण्हायची. आजारी म्हातारीच्या डोक्यावर हातोडा कोण चालवणार? साहेब नोटीस चिकटवून निघून जायचे.

गॅरेजवाल्या इनायतची खोली तिने वाचवली, किराणावाल्या सुमनताईंची वाचवली. बदल्यात चहा-बिस्किटं मिळायची. गल्ली तिला 'आमचं परवानगीपत्र' म्हणून हसायची, तीही हसायची. मला मात्र या थट्टेची चीड यायची. ती स्वतः कुठे झोपते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती झोपायची जिन्याखाली. मुलगा बाळू चाकणला कंपनीत, सून अनिता, दोन नातवंडं आणि राहायला एकच खोली. जिन्याखाली गॅसची टाकी, चपलांचा ढीग आणि भिमाबाई. पाय पसरायची सोय नव्हती.

बाळूने पहिला मजला चढवला तेव्हा म्हणाला, "आये, ही खोली तुझी." त्या खोलीसाठी ती इतकी मनापासून कण्हली, की साहेबांनीच तिला दवाखान्यात न्यायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात तिथे कंपनीतली पोरं भाड्याने राहायला आली. भिमाबाई परत जिन्याखाली.

यंदा बाळूने दुसरा मजला चढवला. "ह्या टायमाला देवाशप्पथ तुझीच," म्हणाला. त्याने आणि भाडेकरू पोरांनी तिला खाटेवर निजवून वर नेलं.

पथक आलं तेव्हा मी बघ्यांमध्ये जिन्यात उभी होते. साहेब तरुण होता. खाटेजवळ उकिडवा बसून त्याने विचारलं, "आजी, तुम्ही इथंच राहता का?"

"हो म्हणा, आई," अनिता मागून पुटपुटली.

भिमाबाईने डोळे उघडले आणि ती उठून बसली. "न्हाई साहेब. मी खाली जिन्याखाली ऱ्हाते. हितं मला निजायला आणलंय."

बाळूची मान शरमेने खाली गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. तो रागाने आईकडे बघत होता. साहेबाने माणसांना हातोडे वर आणायला सांगितलं.

उतरताना भिमाबाईने कुणाचाही हात धरला नाही. वाकळ काखेत मारून ती भिंतीच्या आधाराने एकेक पायरी उतरली. मागून अनिता रडत म्हणाली, "आई, तुमची खोली गेली की हो."

"माझी कवा व्हती?" भिमाबाई म्हणाली, आणि जिन्याखालच्या चपला बाजूला सारू लागली.