इंजनाची उचकी
गारखेड्यातला कचरू मिस्त्री इंजन न उघडताच रोग सांगायचा. गावाकडं विहिरींवरची इंजनं दुरुस्त करत तो मोठा झाला, विहिरी आटल्या तसा शहरात आला. इथं रोज नवी कॉलनी, कॉलनीत रोज नवी बोअर. त्याच्या पत्र्याच्या दुकानाला बरकत आली. माणूस कामाचा. खोट एकच : चूक कुठलीही असो, ती दुसऱ्याचीच, याची त्याला पक्की खात्री.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, एका सकाळी सूर्यभानचा फोन आला. नाथसागर धरणाच्या उरल्यासुरल्या पाण्यावर तो होडीनं माणसं पल्याड सोडायचा.

"मिस्त्री, इंजन उचक्या द्यायलंय. चार ठोके मारतंय, एक गिळतंय. मनकर्णा आत्याला बाराच्या आत पल्याड न्यायचंय. भावाच्या लेकराचं बारसं हाय."

"पेट्रोलात भेसळ," कचरूनं फोनवरच निकाल दिला. "तुमचं वापरूच नका. मी शहरातनं चोख आणतो."

तो मोटारसायकलवर कॅन बांधून पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. मनकर्णाबाई होडीत जाऊन बसल्याच होत्या, मांडीवर झबलं-कुंचीचं गाठोडं.

"आलास का बाबा? आत्याबिगर लेकराच्या कानात नाव कुणी सांगायचं?"

"आन् आत्याबिगर बायांनी धपाटे कुणाच्या पाठीत घालायचे?" सूर्यभान म्हणाला.

"घालू दे की! पाठ कवाची तयार हाय. तू होडी तयार कर."

कचरूनं पेट्रोलची जाळी काढली. गच्च गाळ. "बघा! निम्मं धरण हितंच बसलंय!" त्यानं जाळी धुऊन, फुंकून परत बसवली. खरं तर काम तिथंच संपलं होतं. पण फोनवर 'भेसळ' म्हणून बसला होता ना! त्यानं टाकीतलं सगळं पेट्रोल डब्यात काढलं, आपलं चोख ओतलं आणि दोरी ओढली.

फट्. फट्. फुस्स.

प्लग बदलला. फुस्स. कार्बोरेटर खोलून साफ केला. फुस्स. अकरा वाजले.

"मिस्त्री, आपलं जुनंच वतून बघू का?"

"ते इख हाय, इख!"

"त्या इखावर चार ठोके तरी मारत होतं."

मनकर्णाबाईंनी गाठोडं बाजूला ठेवलं. "उचकीच हाय ना? मंग नावं घ्या. आठवण काढणाऱ्याचं नाव निघालं की उचकी थांबती."

"आत्याबाई, मशीन हाय ते!"

"तुझ्या पान्यानं तरी कुठं थांबलं?" त्या इंजनाशी वाकल्या. "गोजरबाई?"

सूर्यभाननं मुकाट्यानं दोरी ओढली. फुस्स.

"आवडाबाई?"

फुस्स.

"तुझ्या बायकूचं नाव काय रं, मिस्त्री?"

"वच्छला. पन तिचा इथं काय संबंध..."

बोलता बोलता कचरूची नजर कॅनवर गेली. काल घरी सहाव्या दिवशी नळ आला होता. नळ आला की वच्छलाबाई घरातलं एक भांडं कोरडं सोडत नसे. हंडे, कुकर, किटली, डब्यांची झाकणंसुद्धा. सकाळी घाईत कॅन मागितला, तर ती आतून म्हणाली होती, "थांबा, रिकामा करून देते." तिनं उपडा केला, यानं आत न बघताच पंपावर भरून घेतला.

त्यानं कॅनच्या तळातलं थोडं एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि बाटली उन्हात धरली. वर पेट्रोल, खाली पाणी. मधी रेघ.

सूर्यभान बाटलीकडं बघत राहिला. "मिस्त्री, आजवर धरणातनं शहराला पाणी जायचं. शहरातनं धरणाला पाणी आणणारे तुम्हीच पयले!"

"ते वच्छलानं कॅन नीट..."

"बायकूला मधी आणू नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. "साडेअकरा वाजायला आल्यात. कुणाचं चुकलं ते सांग आन् कामाला लाग."

कचरूनं घसा खाकरला. एकदा. दोनदा.

"माझंच चुकलं," तो प्लगकडं बघत म्हणाला.

मग मात्र हात भराभर चालले. टाकी रिकामी केली, कार्बोरेटरमधला थेंबन्‌थेंब काढला, डब्यातलं जुनं 'इख' स्वतःच्या गमज्यातनं गाळून परत ओतलं. दोरी ओढली. इंजन धडधडलं आणि धडधडतच राहिलं.

"बस की होडीत, मिस्त्री! बारशाचं जेवण हाय!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नको," कचरू म्हणाला. "माझं वजन कशाला? आधी तुम्ही पोचा."

होडी ठिपका होईस्तोवर तो काठावर उभा राहिला. बाराला पाच कमी असताना फोन वाजला.

"पोचलो!" सूर्यभान ओरडत होता. "पन पाणी लई आत गेलंय, गाव लांब ऱ्हायलं. आत्या चपला हातात घिऊन गाळातनं पळायल्यात!"

"येळंत पोचतील का?"

"वरनं बाया हात करायल्यात. पाळणा धरून ठिवलाय म्हनत्यात!"

कचरू तिथंच एका दगडावर बसला. दगड तव्यासारखा तापला होता. ते त्याला जरा वेळानं कळलं.