सासूबाईंची लॉन्ड्री आणि जावयाचा ब्लॉग

त्या सकाळी लॉन्ड्रीसमोर रांग दिसली, तेव्हा जावयाला वाटलं, आपण जिंकलो. त्याने कोपऱ्यावरूनच बायकोला फोन लावला. "बघ, म्हणत होतो ना? एका लेखात एवढी गर्दी!" जरा जवळ गेल्यावर मात्र त्याला काहीतरी खटकलं. रांगेतली माणसं येताना रिकाम्या हाताने येत होती आणि जाताना भरल्या हाताने जात होती. लॉन्ड्रीत हे उलटं असायला हवं.

लोक कपडे द्यायला नव्हे, परत न्यायला आले होते. कुणी धुतलेले नेले, कुणी अर्धवट वाळलेले. एका बाईंनी भिजत घातलेला पडदा तसाच बादलीसकट मागितला. बादली दुकानाची होती म्हणून सासूबाईंनी पडदा पिळून दिला. प्रत्येकजण जाताना जावयाकडे असा बघत होता, जसं पाकीट गेल्यावर बसमधल्या शेजाऱ्याकडे बघतात.

झालं होतं ते एवढंच. आदल्या दिवशी जावयाने दुकानाच्या ब्लॉगवर 'कॉलर सगळं सांगते' नावाचा लेख टाकला होता. कॉलरला लागलेला केसांचा कलप कसा काढावा, हा विषय. विषय निरुपद्रवी. पण लेखात रंग भरावा म्हणून त्याने सुरुवातीला एक गृहस्थ आणले. हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक, रोज बागेत छडी फिरवत फिरणारे, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि केस मात्र ऐन विशीतले. आता अशा वर्णनाचं माणूस गावात एकच होतं. बागेतल्या बाकावर बसून सगळ्यांनी तो लेख मोबाईलवर मोठ्याने वाचला, आणि शेवटच्या परिच्छेदाला खुद्द सर छडी फिरवत तिथे येऊन पोचले.

"मी नाव कुठे घेतलंय?" जावई दुकानात शिरताच म्हणाला.

"नाव सोडून सगळं घेतलंत," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई मुळातच संशयी. दूधवाल्याच्या दुधाचा वास घेतात, हे कुणीही करतं. पण सासूबाई दूधवाल्याचाही घेतात. वीजमीटर बघायला माणूस आला की टॉर्च घेऊन त्याच्या मागे उभ्या राहतात आणि तो आकडा लिहीपर्यंत श्वास रोखून धरतात. फोन वाजला तर उचलतात, पण बोलत नाहीत. समोरचा आधी काय बोलतो ते ऐकायचं, मग ठरवायचं आपण घरी आहोत की नाही. आकाश स्वच्छ असेल तर म्हणतात, "एवढं स्वच्छ का आहे?" आणि कपडे आतल्या दोरीवर घालतात.

लग्न ठरलं तेव्हा जावयाचा कोट त्यांनी हातात घेतला आणि सवयीने अस्तर उलटून बघितलं. आत भाड्याच्या दुकानाची चिठ्ठी टाचलेली. मग आपल्या मुलीला म्हणाल्या, "कोट भाड्याचा आहे. माणूस तरी स्वतःचा आहे ना, विचारून घे." हा किस्सा बायको अजून पाहुण्यांना सांगते, आणि प्रत्येक वेळी सासूबाई मध्येच विचारतात, "मग विचारलंस का?"

असल्या बाईने आयुष्यभर लोकांचे कपडे सांभाळले. स्वतःच्या सासऱ्यांच्या हाताखाली घड्या घालायला म्हणून त्या या दुकानात उभ्या राहिल्या. नवरा जहाजावर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. सासरे गेले, पुढे नवराही गेला, आणि दुकान त्यांच्याकडे राहिलं, वाफेच्या इस्त्रीसकट आणि इस्त्रीवाल्या काकांसकट. काका कमी ऐकतात, पण कुणी त्यांच्याबद्दल बोललं तर मात्र बरोबर ऐकू येतं.

गंमत अशी, की सगळ्या जगावर संशय घेणारी ही बाई डागावर कधीच संशय घेत नसे. निदान तोंडाने नाही. गिऱ्हाईक डाग दाखवून म्हणे, "चहा सांडला." सासूबाई म्हणत, "चहाच तो." डाग हिरवा असो, जांभळा असो, त्याला अत्तराचा वास येत असो, चहाच. मग डागाची बाजू आत करून कपड्याची घडी घालत, म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसाला काही दिसू नये. खरं काय ते त्यांना कळलेलं असे. एकदा जावयाने एका शर्टाबद्दल विचारलं, "आई, हा खरंच चहा आहे?" तर म्हणाल्या, "चहाने कधी कुणाचं घर मोडलंय का? मग चहाच."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि सबंध गावाच्या मुठी या बाईच्या फळीवर घड्या घालून ठेवलेल्या. तिथे जावई ब्लॉग घेऊन आला.

त्याचंही अगदीच चुकलं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे स्वतः कपडे धुण्याचं नवं दुकान आलं होतं. काचेची दारं, आत चकचकीत यंत्रं, माणूस एकही नाही. तरुण गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. जावई जाहिरातीच्या ऑफिसात लिहिण्याचं काम करत होता. तो म्हणाला, "आई, आपण दुकानाचा ब्लॉग काढू."

"म्हणजे काय?"

"आपल्याला कपड्यांबद्दल जे माहीत आहे ते लिहायचं. लोक वाचतात."

"फुकट?"

"फुकट."

"मग दुकानात येतील कशाला?"

"विश्वास बसतो ना, आई."

"फुकट देणाऱ्यावर?" सासूबाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी ऐकू न आल्यासारखं करून मान हलवली. तरी दुकान ओस पडत चाललेलं सासूबाईंनाही दिसत होतं. "लिहा," त्या म्हणाल्या. "पण माझा फोटो नको. फोटोवरून लोक माप घेतात."

जावयाने भिंतीवर मोठं कॅलेंडर लावलं आणि रंगीत चौकोन केले. आठवड्याला तीन लेख. ऑफिसात तो मोठमोठ्या कंपन्यांना हेच सांगायचा, सातत्य ठेवा. फरक इतकाच, की त्या कंपन्यांत लिहायला दहा माणसं होती आणि इथे तो एकटा, तोही जेवण झाल्यावर. पहिल्या आठवड्यात लोकरीचा स्वेटर, रेशमी साडी, पांढरे मोजे असे तीन लेख दणक्यात झाले. पुढच्या आठवड्यात साबणाचा इतिहास. त्याच्या पुढच्या आठवड्यात बटण. बटणावर दोन पानं लिहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की विहिरीचा तळ लागला. कॅलेंडरवरचे चौकोन मात्र वाट बघत होते. मग तो कामावरून येताना दुकानात रेंगाळू लागला, गल्ल्यामागे बसून लोकांचं बोलणं ऐकू लागला. आणि एके संध्याकाळी सर आले, पांढरा शर्ट ठेवला आणि म्हणाले, "चहा."

पुढचं सांगितलंच आहे.

रांग ओसरल्यावर दुकानात उरल्या रिकाम्या फळ्या. समोरच्या काचेतून दिसत होतं, आपलेच लोक आपलेच कपडे यंत्रात कोंबतायत. "यंत्राला तोंड नाही," काका म्हणाले. "आणि जावईही नाही."

"महिनाभर बघीन," सासूबाई म्हणाल्या. "अशाच फळ्या राहिल्या तर शटर खाली ओढीन आणि किल्ली जागेच्या मालकाला देऊन टाकीन." त्या चिडल्या असत्या तर जावयाला बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या कोरड्या फडक्याने रिकामी फळी पुसत होत्या.

"मी जाहीर माफी लिहितो," तो म्हणाला.

"लिहा की! ज्यांना अजून कळलं नाही, त्यांनाही कळेल."

"मग ब्लॉगच बंद करतो."

"खबरदार. आज बंद केलात तर लोक म्हणतील, चोराच्या मनात चांदणं. तो लेख तेवढा काढा आणि बाकीचं चालू ठेवा, काही झालंच नाही असं." मग त्या स्टुलावर बसल्या. "आठवड्याला तीन लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सातत्य लागतं, आई."

"सातत्य म्हणजे धावणं नव्हे. धावणारा दमतो, दमला की दुसऱ्याच्या ओट्यावर बसतो. तुम्ही बसलात सरांच्या ओट्यावर. महिन्याला दोन लिहा. आणि पाणी आपल्या विहिरीतलं काढा. आपल्या घरातले कपडे, आपल्या घरातले डाग. छापण्याआधी मला वाचून दाखवायचं."

हे वाचून दाखवणं जावयाला ऑफिसातल्या कुठल्याही साहेबापेक्षा जड गेलं. सासूबाई उभ्याने ऐकत, हातात गिऱ्हाइकाची ओढून बघायची बटणं असावीत तसं प्रत्येक वाक्य ओढून बघत.

"'एके दिवशी' म्हणजे कोणत्या दिवशी? लोक माग काढतात. काढा ते."

"बरं."

"'एक बाई' पण नको. बाई म्हटलं की सगळ्या बायका आरशात बघतात."

"मग काय लिहू?"

"मी लिहा."

"तुम्ही?"

"मी म्हणजे तुम्ही हो, जावईबापू. शाई कुणाच्या खिशात फुटली होती? सोफ्याच्या पाठीवर तेलाचा गोल कुणाच्या डोक्याचा आहे?"

बायको आतून म्हणाली, "आई, उशीचं विसरलीस."

अशा तऱ्हेने जावयाच्या अब्रूचं धुणं सुरू झालं. आधी शाईचा खिसा. मग लेख आला उशीच्या अभ्र्यावर, त्याला रात्रभर झिरपलेल्या तेलाचा पिवळा नकाशा आणि तो कसा काढला याची हकीकत. वर सासूबाईंनी सांगितलेलं एक वाक्य त्याला टाकावंच लागलं, की जावयाला सांगून उपयोग नाही, अभ्रा दोन दिवसांनी बदला. फोटोही त्याच्याच अभ्र्याचा. ऑफिसात कुणीतरी तो छापून पाण्याच्या यंत्रावर चिकटवला. जावई तीन दिवस घरून पाण्याची बाटली नेत होता.

पण गाव हसलं, आणि हसलेला माणूस थोडा सैल होतो. आधी आल्या त्या पडदावाल्या बाई. पडदा घेऊन नव्हे, चार उशांचे अभ्रे घेऊन. दारात थांबून त्यांनी गल्ल्यामागे कोण आहे ते बघून घेतलं, मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही तसंच झालंय. तुमच्या जावयांसारखं."

"जावयांसारखंच," सासूबाई म्हणाल्या आणि डागाची बाजू आत करून घडी घातली.

मग हीच रीत पडली. जो येई तो म्हणे, तुमच्या जावयांचंच दुखणं आहे. एकाच्या कोटावर लिपस्टिक होती. तीही जावयांचीच निघाली. त्या संध्याकाळी बायकोने त्याच्याकडे जरा वेळ निरखून बघितलं. "माझा काही संबंध नाही!" तो म्हणाला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली, पण तिने त्याच्या कोटाची कॉलर बघितलीच. शेवटी आईची मुलगी.

आता लिहायला विषयांचा तोटा नव्हता. लोकच गल्ल्यावर विचारत, हे कसं काढायचं, ते कसं वाळवायचं. सासूबाई प्रश्न घेत, विचारणारा विसरून जात आणि उत्तर जावयाच्या कपड्यांवर चढवून त्याला देत. थंडी तोंडावर आली तेव्हा त्याने स्वेटरचा जुना लेख झटकून, दोन नव्या गोष्टी घालून पुन्हा वर आणला. त्याला वाटलं, सासूबाई म्हणतील, शिळं वाढताय. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. कापड धड असेल तर बटणं तेवढी बदलायची."

फळ्या भरत होत्या. पण सासूबाईंच्या डोक्यातून किल्ली गेली नव्हती. सर आले नव्हते. "बाकीचे आले ते गर्दी बघून आले," त्या म्हणत. "ज्याची चव घालवली, तो आला तर खरं." सर बागेतून परतताना रोज समोरून जात. यंत्राच्या दुकानातही शिरत नसत. जाताना ते या दुकानाकडे बघत नसत, आणि सासूबाई मात्र इस्त्रीची वाफ चुकवून त्यांच्या कॉलरकडे बघत. कॉलर घरी धुतल्याची खूण दिसे. त्या काही बोलत नसत.

मग एका दुपारी जावई रजा घेऊन आतल्या खोलीत उभा होता, काकांना हँगर लावू लागत होता. बाहेर छडीचा ठोका ऐकू आला. काकांनी, ज्यांना म्हणे ऐकू येत नाही, इस्त्री उचलून धरली.

"ते आहेत?" सरांचा आवाज.

"आहेत. आत आहेत," सासूबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत याचंच जावयाला आश्चर्य वाटलं.

"लिहितात अजून?"

"लिहितात. स्वतःचंच."

"उशीवरचं वाचलं मी," सर म्हणाले. "मधला परिच्छेद पाल्हाळिक आहे."

"सांगते त्यांना."

"सांगू नका. पुन्हा लिहितील." मग गल्ल्यावर काहीतरी मऊ ठेवल्याचा आवाज आला. "शनिवारी येऊ?"

"शनिवारी या, सर."

छडी ठकठक करत रस्त्यावर गेली. जावई बाहेर आला तेव्हा गल्ल्यावर काहीच नव्हतं. गाठोडं कुठल्या फळीवर, कुठल्या घडीआड गेलं, काही पत्ता नव्हता. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून डोळ्यांच्या कडा पदराने टिपत होत्या. त्याला संशय आला, पण वाफही बरीच होती.

"आई, सर आले होते ना?"

"आले होते."

पुन्हा कुणाचं काही विचारायचं नाही अशी त्याने मनाशी शपथ घेतली होती, तरी जीभ वळवळलीच. "काय होतं हो गाठोड्यात?"

"कपडे होते," सासूबाई म्हणाल्या.