शंखांची प्रतवारी

हासान तं हासा बाप्पा, पण माह्या हातानं एकदा दगडायचं वय हरवलं! बैल हरवते, छत्री हरवते. दगडाचं वय हरवलेलं कोणी आयकलं का?

साठ सालानंतरची गोष्ट. मी तवा मारेगावच्या जिनात कापूस निवडाचं काम करो. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस एकीकडे, शेवटची फरतड दुसरीकडे, किडकी कवडी तिसरीकडे. जीन बंद झालं का हात नुसते शिवशिवत. रिकामं बसणं मले जमतच नाही. आताच पाहा, बोलताबोलता तुमच्या कपबश्या ओळीत लावून राह्यलो का नाही?

माहा मामा मास्तर होता. त्याच्या शांताशी माहं लगन ठरत आलतं, पण मामा म्हणे, “पहिले सरकारी नोकरी पाह्य, मंग पोरगी.”

तेवढ्यात पुण्याकडचे एक सरकारी साहेब दगड तपासाले आले. मी त्यायचं सामान वाहाले लागलो. काम नीट केलं तं पक्क्या नोकरीची शिफारस देतो म्हणे! मी तं मनात मुंडावळ्याच बांधल्या.

एका नाल्याच्या दरडीत वर काळा दगड, खाली काळा दगड अन् मधात पांढऱ्या मातीचे थर. त्यात शंख, पण दगड झालेले! साहेबानं एकेका थरातले शंख एकेका थैलीत भरले, आत चिठ्ठी टाकली अन् दोन दिवसांसाठी यवतमाळले गेले. जाताना म्हणाले, “इथंच बस. काही करू नकोस.”

काही करू नको! मले!

दुपारलोक कसातरी दम धरला. मंग एक थैली उघडून पाह्यली. अरे देवा! साबूत शंख अन् फुटके शंख एकातच! जिनात असा मिसळीचा माल कोणी आणला तं आम्ही गाडी वापस करो. साहेबाची पुण्यात इज्जत गेली असती ना! साऱ्या थैल्या उपड्या केल्या. शंख धुतले, घासले. साबूत एकीकडे, टवके उडालेले दुसरीकडे, चुरा तिसरीकडे. चिठ्ठ्या मात्र चुलीत घालून त्यावर च्या उकळला.

साहेब आले तसा मी छाती काढून उभा राह्यलो. “पाहा साहेब, एक नंबर माल!”

साहेब रिकाम्या थैल्या झटकून चिठ्ठ्या शोधू लागले. “कोणता शंख कोणत्या थरातला?”

“थर कायले पाह्यजे? बैलाचे दात पाह्यले का वय समजते, तसं शंखाले पाहून नाही समजत?”

“अरे, खालचा थर आधी बसला, वरचा नंतर! काळ्या दगडाचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. त्या दोन दगडांच्या मध्ये शंख कितव्या थरात होता, त्यावरून त्याचं वय ठरतं. तू तर आजा अन् नातू एकाच पंगतीत बसवलेस!”

“कितीक वर्षांचा फरक पडला साहेब?”

“हजारो असतील, लाखो असतील! आता कोण सांगणार?”

शंखायचं जाऊ द्या, माहं लगन तं एका दुपारीत बुडालं ना!

मंग आठ दिवस पुन्हा दरड खोदली. मी खोदो, साहेब भरे. थैलीले हात लावू देईना. जाताना मात्र इंग्रजीत एक चिठ्ठी देल्ली. ते घेऊन मी मामाकडे गेलो.

मामानं चष्मा लावून वाचलं, “माणूस इमानदार आहे. कष्टाळू आहे. मात्र याला एकट्याला, रिकामा, कधीही सोडू नये.”

मी मान खाली घातली. झालं, संपलं! तं आतून मामी कडाडली, “सरकारनं लिहून देल्लं ना, एकटा सोडू नका म्हणून? मंग वाट कायची पाहता? लावून टाका लगन!”

नोकरी नाही लागली, लगन लागलं. पण शांता आजबी माहेरी निघाली का शेजारणीले बजावते, “बाई, यायच्यावर ध्यान ठेवजा. मागच्या खेपी तीन डाळी एकात करून, दाणे लहान-मोठे निवडून ठेवले यायनं!”