बोटावरची चव

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सुजाता. देवळीहून तिच्या शेजारच्या कांताबाई बोलत होत्या. सकाळी दार उघडलं नाही म्हणून पाहिलं, तर झोपेतच... आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, "भाऊ, मांजरीचं काय करू?" मला संतापच आला. माझी बहीण गेली आणि यांना मांजर सुचतंय! आज सव्वा महिना झाला. फार थकलोय. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मलाही मांजरीशिवाय दुसरं काही सुचलेलं नाही.

बाईनं उभी हयात देवळीच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवली. पोरांच्या ताटात पडण्याआधी मोठ्या माणसानं चव घ्यायची, असा तिथला नियम. मास्तर कधी विसरायचे, बाई नाही. पुढं तो नियम तिच्या अंगात भिनला. लग्नाच्या पंगतीतही कुणाच्या लेकराला घास भरवायचा तर आधी स्वतः चाखणार. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शाळेचं काम सुटलं तेव्हा चाखून द्यायला कुणी उरलंच नाही. त्याच सुमारास पुलगावहून बदली झालेल्या एका कुटुंबानं आपली लांब केसांची मांजर तिला दिली. तिचं नाव चिंगी.

चिंगीचं पोट म्हणजे रोजची कटकट. अंग चाटता चाटता केस गिळायची आणि खोकून खोकून त्यांची ओली गुंडाळी नेमकी माझ्या चपलेपाशी टाकायची. दूध दिलं की जुलाब, कोरडे दाणे दिले की उलटी. वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाकिटातलं ओलं खाणं द्या, पोटात पाणी जातं, केस पुढं सरकतात. मग बाईच्या एसटीच्या खेपा सुरू झाल्या. पाकिटावरची अक्षरं इंग्रजी, म्हणून दुकानदाराला सगळं वाचून दाखवायला लावायची. बिचारा वैतागायचा. ज्यात एकाच जनावराचं मांस तेच घ्यायचं, पाच भानगडींची खिचडी नको. मासळी चिंगीला बाधली, कोंबडी मानवली. नवं पाकीट एकदम द्यायचं नाही, जुन्यात चमचा चमचा मिसळत हप्ताभरानं बदलायचं. वर उकडलेला लाल भोपळा, अगदी बोटभर.

आणि वाढण्याआधी चाखायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. ती शांतपणे म्हणाली, "जे आपल्या जिभेले चालत नाई, ते मुक्या जिवाच्या पोटात काऊन टाकू?" माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आजपासून तुझ्या हातचं पाणीबी नको मले."

छप्पन साली आमच्या आजानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती असली वाक्यं मागं टाकण्यासाठी. गावानं त्याला जन्मभर ऐकवलेलं वाक्य मी सख्ख्या बहिणीला ऐकवलं. तिनं पदराला बोट पुसलं आणि आत गेली. मला शरम वाटली, पण मागे घेता आलं नाही... आणि वर मी ते पाळलंही. कारंजाहून जायचो, ओसरीवर बसायचो, पोट बरं नाही म्हणायचो. ती पाकीट उघडू लागली की तोंड रस्त्याकडे फिरवायचो. शेवटच्या भेटीतही तिनं चहा ठेवला. मी नको म्हटलं. तिनं कप उचलून नेला.

चिंगीला मी कारंजाला आणली. तेच पाकीट, तोच भोपळा, बाईचीच ताटली. कोमटही केलं. एक दिवस गेला, दोन गेले, ती तोंड लावीना. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर म्हणाले, मांजर इतकं उपाशी राहिलं की लिव्हर सुजतं, संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. बाईच्या मागं तेवढाच एक जीव उरलेला, तोही माझ्या हातून जाणार असं दिसू लागलं. ताटलीपाशी बसलो. गुडघे दुखत होते. "खाय ना वं माय," म्हणालो. तिनं पाठ फिरवली.

मग काय वाटलं कोण जाणे, बोट बुडवून मीच चाखलं. मीठ नव्हतं. उकडलेल्या कोंबडीसारखं बेचव, बाकी काही नाही. एवढ्यासाठी मी... हात खाली गेला. चिंगी उठली, जवळ आली आणि माझ्या बोटाला लागलेलं चाटू लागली. खरखरीत जीभ. बोट साफ झाल्यावर ताटलीकडे वळली.

तेव्हा कळलं. बाई चाखून झाल्यावर पहिला घास बोटावरूनच देत असणार. मी इतक्यांदा तिथं बसलो होतो, पण तेवढ्यापुरतं माझं तोंड रस्त्याकडे असायचं.

बाईची ताटली आता माझ्या ओट्यावर असते. रोज सकाळी आधी मी चाखतो, मग चिंगी माझ्या बोटावरून खाते. माझ्या हातचं खायला तिनं तीन दिवस लावले. मी बाईच्या हातचं दोन वर्षं खाल्लं नाही, आणि आता तिच्या घराला कुलूप आहे.